पणती हिरवी होती

मुलांनो, एक विहीर डोळ्यांसमोर आणा. पाण्याने भरलेली नको, आटलेली आणा. साठ फूट खोल, तळाशी गुडघाभर गाळ, गाळात कित्येक वर्षांचा कुजलेला पाला. तुम्ही काठावर वाकून आत बघताय. उन्हाची तिरीप खाली पोचली आहे, त्यामुळे तळ स्वच्छ दिसतो. एक फुटकी घागर दिसते, कोणाची तरी एक चप्पल दिसते. आता मला सांगा, तळाशी हवा कशी आहे?

नाही सांगता येणार. मलाही येणार नाही. पाला कुजताना कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून वारा नसेल तर तळाशी पाण्यासारखा साठून राहतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस शिडीने उतरत जातो, छातीपर्यंत त्या न दिसणाऱ्या पाण्यात शिरतो, मग नाकापर्यंत. चार-दोन श्वासांत डोकं हलकं होतं आणि गुडघे मोडतात. म्हणून पूर्वीची माणसं उतरण्याआधी दोरीला पेटता दिवा बांधून खाली सोडत. दिवा विझला की त्या दिवशी काम बंद.

आता आणखी थोडी कल्पना करा. तुम्ही मोठे होऊन कामाला लागला आहात, एवढी वर्षं पुढे गेली आहेत. विहिरी तेव्हाही आहेत, गाळ तेव्हाही आहे. जत तालुक्यात खैरवाडी नावाचं एक गाव आहे आणि तिथे नक्षत्रा धोत्रे नावाची बारा वर्षांची मुलगी राहते. घरात सगळे तिला नक्षी म्हणतात. तिचे वडील हणमंतआप्पा आणि धाकटे काका दुर्गाप्पा विहिरींचा गाळ काढायचं काम करतात. आजोबाही तेच करायचे. आजोबा दिवा सोडायचे. आप्पा आणि काका पणती सोडतात.

पणती म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक डबी. तिच्यात एक बारीक दिवा आणि त्याच्यासमोर एक डोळा असतो. हा दिवा आपल्याला न दिसणारा प्रकाश टाकतो. कार्बन डायऑक्साइड तो प्रकाश पितो. वायू जितका जास्त, तितका डोळ्यापर्यंत प्रकाश कमी पोचतो. डबी दोरीने खाली सोडायची. ती मोजते आणि वर मोबाइलवर हिरवा किंवा लाल रंग दाखवते. हिरवा दिसला तर उतरायचं. लाल दिसला तर पंखा लावून आतली हवा उपसायची.

ही पणती कोणी विकत नव्हतं. तिचा आराखडा, थ्रीडी यंत्रावर डबी छापायची फाइल आणि आतलं सॉफ्टवेअर कोणीतरी तयार करून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं होतं. घ्या, बनवा, वापरा, दुसऱ्यालाही द्या. नक्षत्राच्या शाळेत गोसावीबाईंनी प्रयोगशाळेतल्या छपाई यंत्रावर डबी छापली, मुलांकडून आतली जोडणी करून घेतली आणि आप्पांच्या हातात दिली, मग काकासाठीही एक केली. डबीला पणती हे नावही त्या अनोळखी माणसानेच दिलं होतं. त्याने जुना दिवा सोडणारी माणसं पाहिली असतील, असं बाई म्हणाल्या.

दुर्गाकाकाला पणतीची मोठी गंमत वाटायची. हिरवा रंग आला की तो शिडीवरून चार पायऱ्या उतरायचा, डोळे फिरवायचा आणि मान टाकून लोंबकळायचा. नक्षी किंचाळली की वर बघून म्हणायचा, "काय मास्तरीण, घाबरलीस व्हय? तुझ्या डबीवर तुझाच भरवसा न्हाई." दोर धरणारे गडी हसायचे. आप्पा रागवायचे. पुढच्या वेळी काका पुन्हा तेच करायचा.

एका रविवारी नक्षत्राने घरी पणतीची परीक्षा घेतली. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की कार्बन डायऑक्साइड होतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिने एका उंच पिंपात तो केला आणि पणती सावकाश आत सोडली. मोबाइल लाल झाला. मग तिने काकासारखं केलं. काकाला धीर नसायचा, तो दोर सरसर सोडायचा. तिनेही पणती एकदम तळाशी जाऊ दिली. मोबाइल हिरवाच राहिला. तिने तारेला बांधून पेटती मेणबत्ती पिंपात उतरवली. ज्योत अर्ध्यावरच विझली. मोबाइल मात्र हिरवा.

तिने हे अकरा वेळा करून पाहिलं.

चूक कुठे होती ते समजून घ्या, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. मोजणाऱ्या यंत्रांना कधीकधी उचकी लागते. शंभर, शंभर, एकशे एक, आणि मधेच पाच हजार. अशी अचानक आलेली उडी खोटी धरून टाकून द्यायची आणि आधीचा बरोबर आकडा दाखवत राहायचं, असं सॉफ्टवेअरला शिकवलेलं होतं. पणती सावकाश उतरली की आकडा पायरी-पायरीने चढे, त्यामुळे यंत्राला तो खरा वाटे. पण ती चांगल्या हवेतून एकदम दाट वायूत पडली तर आकडा खरोखरच उडी घेई. यंत्र म्हणे, ही उचकी. पुढचा आकडाही तसाच मोठा, म्हणून तीही उचकी. मग त्याच्या पुढचाही. खरा आकडा शेवटपर्यंत दारात उभा राही आणि यंत्र जुना हिरवा रंग दाखवत बसे.

नक्षत्राने त्याच दुपारी आप्पांना आणि काकाला सांगितलं की पणती दुरुस्त होईपर्यंत ती हळूच सोडायची, हातभर दोर आणि पाचापर्यंत आकडे. आप्पांनी मान डोलावली. काका म्हणाला, पाचापर्यंत मोजायला मला कुठं येतं. पण त्यानेही तसं करायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी तिने बनवणाऱ्याला पत्र लिहिलं. एकच ओळ होती: तुमची पणती खोटं बोलते, जोरात सोडली तर हिरवीच राहते. ते तिने आधी बाईंना दाखवलं.

बाईंनी वाचलं आणि त्या हसल्या. त्यांनी तिला जवळ बसवून समजावलं की ज्या माणसाला आपण ओळखत नाही, ज्याने आपल्याला एवढी मोलाची वस्तू नुसती दिली, त्याला पहिल्याच ओळीत खोटं म्हणू नये. आधी आपण कोण ते सांगावं, मग आभार मानावेत आणि अडचण शेवटी हळुवारपणे मांडावी. आणि हे सगळं स्वतः लिहावं, यंत्राकडून लिहून घेऊ नये.

बाई असं का म्हणाल्या, त्यालाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी मोकळी सॉफ्टवेअरं आणि आराखडे बनवणारी पुष्कळ माणसं काम सोडून जाऊ लागली होती. त्यांच्या वस्तू लाखो लोक वापरत, पण लिहिणारे फक्त तक्रारी लिहीत, आणि त्याही शिव्या घालून. काही भल्या लोकांना हे बघवलं नाही. त्यांनी आभारदूत नावाचा एक प्रोग्राम तयार केला. तुम्ही एखादी मोकळी वस्तू वापरली की तो तुमच्या वतीने बनवणाऱ्याला पत्र लिही. साधंसुधं नव्हे, तुमच्या गावाचं नाव, तुमचा अनुभव, तुमच्या बोलण्याची ढब, सगळं त्यात असे. पहिल्या वर्षी बनवणारे ती पत्रं वाचून रडले. दुसऱ्या वर्षी त्यांना कळलं की ती कोणीच लिहिलेली नाहीत. तोवर आभारदूत प्रत्येक मोबाइलमध्ये पोचला होता. पणती बनवणाऱ्याला रोज तीन हजार पत्रं येत होती. बाईंना हा प्रकार आवडत नसे. म्हणून त्या म्हणाल्या, आपण खरं पत्र पाठवू.

नक्षत्राने पत्र पुन्हा लिहिलं. आदरणीय ताई किंवा दादा, सप्रेम नमस्कार. मग खैरवाडीची माहिती. मग मागच्या वर्षी एका विहिरीत पणती लाल झाली आणि काका उतरता उतरता थांबला, ती हकिगत. मग तीन ओळी आभार. "खोटं बोलते" हे शब्द बाईंनी खोडले आणि तिथे लिहायला लावलं: एक लहानशी शंका आहे.

पत्र गेलं. तासाभरात उत्तर आलं. 'प्रिय नक्षत्रा, तुझं पत्र वाचून मन भरून आलं. खैरवाडीच्या तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग. तू जे कळवलंस त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे.'

नक्षत्राने ते उत्तर घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. काकाने दोनदा वाचायला लावलं. मला नमस्कार धाडलाय, असं तो आठवडाभर दोर धरणाऱ्या गड्यांना सांगत होता.

बावीस दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी आप्पा एका गावाला गेले आणि काका दोन गडी घेऊन दुसऱ्या. सकाळचे अकरा वाजले असतील. काकाने पणती दोराला बांधली आणि सरसर खाली सोडली. गड्यांपैकी एकाने विचारलं की हळू सोडायची होती ना. काका म्हणाला की नक्षीने बनवणारीला कळवलं, तिचं उत्तर आलं, आता सगळं दुरुस्त झालंय. रंग हिरवा होता. तो उतरला. तळापासून आठ-दहा फुटांवर त्याने मान टाकली आणि शिडीला लोंबकळला.

वरचे दोघं हसले. त्याची ती सवयच होती. एकाने खाली ओरडून विचारलं की आज मास्तरीण न्हाई, सोंग कुणासाठी? मग काकाचा हात शिडीवरून सुटला.

गडी आत उतरले नाहीत, ते शहाणपणाचं होतं. उतरले असते तर तिघं गेले असते. पंखा लावून, हवा उपसून काकाला वर काढायला पाऊण तास लागला. पणतीही वर आली. मोबाइलवर ती अजून हिरवीच होती.

काकाचं दिवसकार्य झाल्यावर बाई घरी आल्या. नक्षत्रा पिंपाजवळ बसली होती. जेवायला घातलं तर जेवत होती. आप्पा उंबऱ्यावर बसले होते. उत्तर आलं असं मी काकाला सांगितलं, दुरुस्त झालं असं मीच धरून चालले, एवढंच नक्षत्रा पहिल्या दिवशी बोलली होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"शंका हा शब्द माझा आहे, नक्षत्रा," त्या म्हणाल्या. "तू खोटं असंच लिहिलं होतंस."

तिने वर पाहिलं. मग विचारलं, "ती पणती बनवणारी बाई कुठं राहते?"

आराखड्याच्या पानावर फक्त गाव लिहिलेलं होतं: मिरज. पण मिरजेत अशी डबी बनवू शकणारी माणसं किती असणार? बाईंनी तिथल्या दोन दवाखान्यांत विचारलं आणि नाव मिळालं. शमीम मुजावर. दवाखान्यांची सूक्ष्मदर्शकं आणि रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करतात. सगळे त्यांना आपा म्हणतात. जायच्या दिवशी आप्पा म्हणाले की त्यांना ती बाई बघायची नाही. पण त्यांनी काकाची पणती फडक्यात गुंडाळून नक्षत्राच्या दप्तरात ठेवली.

आपांची खोली एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. गिरणी चालू झाली की जमीन थरथरायची. आपा साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या. त्यांना वाटलं दुरुस्तीचं गिऱ्हाईक आलं आहे. नक्षत्राने फडकं सोडलं आणि डबी टेबलावर ठेवली. बाईंनी काय झालं ते सांगितलं. आपांनी मधे एकदाही थांबवलं नाही. गिरणी मोठ्याने चालू होती, म्हणून बाईंना काही वाक्यं पुन्हा म्हणावी लागली.

मग आपा म्हणाल्या की असं पत्र त्यांना मिळालंच नाही.

नक्षत्राने उत्तर दाखवलं. आपांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. ते उत्तर त्यांनी लिहिलेलं नव्हतं. आभारदूताची पत्रं अति झाली तेव्हा त्यांनी एक चाळणी बसवली होती. ती प्रत्येक पत्राच्या पहिल्या काही ओळी वाची आणि यंत्राचं पत्र की माणसाचं ते ठरवी. यंत्राचं असेल तर ते ढिगात टाकी आणि आभाराला आभाराचं उत्तर परस्पर पाठवून देई.

मुलांनो, चाळणी हे कसं ठरवते? तिला आधी हजारो पत्रं दाखवावी लागतात. ही यंत्राची, ही माणसांची. त्यावरून ती स्वतःच खुणा शोधते. आपांकडची माणसांची पत्रं कशी होती? त्रासलेली, तुटक, नमस्कार नसलेली. यंत्राची पत्रं कशी होती? गावाचं नाव, हकिगत, आभार. चाळणी एवढंच शिकली की जो चिडून बोलतो तो माणूस आणि जो आदराने बोलतो तो यंत्र. नक्षत्राचं पत्र माणसाने मन लावून लिहिलं होतं. म्हणूनच ते यंत्राचं ठरलं.

आपांनी ढिगात शोधून ते पत्र काढलं आणि शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. 'एक लहानशी शंका आहे' इथे त्यांचा आवाज खाली गेला. मग त्यांनी संगणक पुढे ओढला आणि पणतीचं सॉफ्टवेअर उघडलं. मोठा आकडा लागोपाठ तीनदा आला तर तो खरा धरायचा. चार ओळींचं काम होतं. दहा मिनिटं लागली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांच्या पणत्या आपोआप सुधारतील."

"मी बघितल्याशिवाय न्हाई," नक्षत्रा म्हणाली. तिने दप्तरातून सोड्याची पुडी आणि व्हिनेगरची बाटली काढली.

आपांनी मोरीतली बादली आणली. नक्षत्राने पुडी ओतली, फेस बसेपर्यंत थांबली आणि काकाची पणती एकदम आत सोडली. मोबाइल हिरवा होता. एक, दोन, तीन. लाल झाला. तिने अकरा वेळा केलं. अकराही वेळा लाल झाला. बाई दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आपा खुर्चीत बसल्या. त्या म्हणाल्या की हे त्यांचं शेवटचं काम. उद्या त्या आराखडा काढून घेणार आणि पान बंद करणार. विहिरीत गुदमरून मेलेल्या तिघांची बातमी वाचून त्यांनी पणती केली होती. आठ वर्षांत ती वापरणारं एकही माणूस त्यांनी समोर पाहिलं नव्हतं. पहिलं आलं ते आज, हे घेऊन. त्यांना आता आणखी माणसं मारायची नव्हती.

नक्षत्राने पणती पुन्हा फडक्यात गुंडाळली. मग विचारलं, "बंद केल्यावर पुढची चूक कुणाला सांगायची?"

तिने संगणकाकडे बोट केलं.

"ढिगात किती पत्रं हाईत?"

"अकरा लाख."

"त्यात माझ्यासारखी किती?"

आपा म्हणाल्या, माहीत नाही. दुसरं यंत्र लावून शोधता येईल का, असं बाईंनी विचारलं. आपा म्हणाल्या की तीही एक चाळणीच होईल, आणि ती काय टाकून देते ते पुन्हा कोणालाच कळणार नाही.

नक्षत्राने स्टूल ओढलं आणि संगणकासमोर बसली. तिने ढिगातलं पहिलं पत्र उघडलं आणि वरचं काही न वाचता बोटाने सरकवत थेट शेवटच्या ओळीवर आली. आभार. दुसरं उघडलं. शेवटच्या ओळीत आभार. तिसरं, चौथं, पाचवं. बाईंनी दुसरं स्टूल घेतलं आणि आपल्या मोबाइलवर ढिगाचं दुसरं टोक धरलं. आपा उभ्याच होत्या. खाली गिरणी थांबली होती.

दोनशे सदतिसाव्या पत्रात वर गावाचं वर्णन होतं, मग नमस्कार, मग आभाराच्या पाच ओळी. सर्वांत खाली लिहिलं होतं: आमच्या इथे डबी हिरवी असताना दोघे भाऊ गेले, आमची काही चूक झाली असेल तर कृपया कळवावे. पत्र सात महिन्यांपूर्वीचं होतं. त्याखाली चाळणीचं उत्तर होतं: तुमचं पत्र वाचून मन भरून आलं.

नक्षत्राने ते आपांना वाचून दाखवलं. आपा भिंतीला टेकून खाली बसल्या.

मग नक्षत्राने दप्तरातून वही काढली, त्या गावाचं नाव आणि पत्र लिहिणाऱ्याचं नाव उतरवून घेतलं आणि दोनशे अडतिसावं पत्र उघडलं.